बुटासमोरचा फोटो

डोंगरकड्याच्या आमच्या जुन्या घरात पत्र्याच्या पेटीतून परवा एक अल्बम निघाला. काळी जाड पानं, आणि कागदी कोपऱ्यांत अडकवलेला एक चौकोनी कृष्णधवल फोटो. मुंबईच्या कमला नेहरू पार्कातला म्हातारीचा बूट, आणि त्याच्या वरच्या खिडकीतून डोकावणारे काका. केळीच्या बागेत राबणाऱ्या माणसाला शहरातली बाग फोटोत धरून गावी आणावीशी वाटली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

कॅमेरा होता आगफा क्लिक-३. बडोद्याला बनणारा, प्लॅस्टिकचा, साधा. एका रोलमध्ये १२ फोटो. पाठीवरच्या लाल काचेतून आकडा बघत रोल पुढे सरकवायचा, ऊन पाठीशी घ्यायचं, श्वास रोखायचा आणि खटका दाबायचा. कोडॅकने १९०० साली एक डॉलरला ब्राउनी कॅमेरा विकायला काढला, तेव्हापासून जगभर सामान्य माणसाने फोटो काढले ते असेच.

अशा कॅमेऱ्यात जवळची फुलं धूसर येतात. येऊ देत. बाकडं, मेंदीचं कुंपण, भेळवाल्याची गाडी, मुलांची रांग मात्र येते, आणि बागेची खरी आठवण तीच असते.

हा अंक अशाच फोटोंचा आहे. तुमच्याकडचे फोटोही पाठवा, साध्या मोबाइलवर काढलेले असले तरी चालतील. छापील फोटोच्या मागे बाग आणि साल लिहा, पण पेन्सिलीने, हलक्या हाताने. काकांच्या फोटोमागे काहीच लिहिलेलं नाही.