गंधकाचा जमाखर्च आणि उजनीचे पाणी

भुरी दिसताच गंधकाची धुरळणी करून बागेतून परतलेल्या इंदापूरच्या द्राक्षबागायतदाराच्या सदऱ्याला जी पिवळी पूड आणि जो उग्र दर्प संध्याकाळपर्यंत चिकटून राहतो, त्यावरून गंधक म्हणजे दुकानातून पोत्याने आणावयाची वस्तू, अशी आपली समजूत होणे स्वाभाविक आहे. परंतु त्याच्याच बांधापलीकडच्या उसाचे पान समुद्रात उपजलेले गंधक हवेतून दिवसभर आत घेत असते, ही गोष्ट आपल्याकडे फारशी बोलली जात नाही.

या गंधकाचे वाहन कार्बोनिल सल्फाइड नावाचा वायू. समुद्राच्या पृष्ठजलात विरघळलेली, वनस्पतींच्या व शेवाळाच्या कुजण्यातून आलेली पिवळसर-तपकिरी सेंद्रिय द्रव्ये सूर्याचे अतिनील किरण शोषतात, आणि त्या ऊर्जेने पाण्यातील गंधकयुक्त सेंद्रिय रेणूंचे विघटन होऊन हा वायू जन्मतो. पाणी त्याला स्वस्थ राहू देत नाही. अहोरात्र त्याचे अपघटन चालूच असते, म्हणून त्याचे प्रमाण दुपारी चढते आणि पहाटे तळाला जाते. फेरेक आणि आंद्रेए यांनी १९८४ साली ही सूर्यप्रकाशजन्य निर्मिती दाखवून दिली. हवेच्या एक लाख कोटी भागांत तो जेमतेम ५०० भाग. खताचे एकही पोते त्याने वाचणार नाही. परंतु कर्बवायूबरोबर पानांच्या रंध्रांतून तोही आत शिरतो आणि सहसा परत येत नाही, म्हणून एखाद्या प्रदेशातील हिरवाईने किती कर्ब ग्रहण केला याचा अदमास शास्त्रज्ञ याच वायूवरून बांधतात. उसाच्या मुलखाला याहून जवळचे शास्त्र कोणते असणार?

आता उजनीकडे पाहावे. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून या जलाशयात येते. उन्हाळ्यात भिगवणच्या काठाला ओंजळीत पाणी घेतले तर बोटांवर हिरवी साय राहते. विपुल सेंद्रिय द्रव्य आणि दख्खनचे प्रखर ऊन, हे दोन्ही येथे एकत्र आले आहेत. गोड्या पाण्याच्या सरोवरांतही हा वायू आढळलेला असल्याने, उजनीतून तो किती निघतो हा प्रश्न समुद्रापासून दूर असलेल्या आपल्या तालुक्यांचाही आहे, आणि दिवसातून एकदाच भरलेल्या बाटलीवरून त्याचे उत्तर मिळणे शक्य नाही.

माझी मागणी साधी आहे. बारामती तालुक्यातील माळेगावला २००९ पासून राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था आहे. गोव्यात दोना पावला येथे १९६६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. एकीला पिकांची जाण, दुसरीला पाण्याची. या दोघींनी मिळून उजनीच्या पाण्याची पहाटे, दुपारी आणि रात्री, निदान एक वर्षभर, मोजणी करावी, आणि शासनाने तिच्या खर्चाची तजवीज करून ते आकडे दप्तरात न ठेवता मराठीत प्रसिद्ध करावेत. रोहित पक्षी दाखवावयास कुंभारगावची जी होडी भल्या सकाळी पाण्यात लोटली जाते, तीच दुपारी दोन वाजता, काठ तापलेला असताना, नमुन्यांच्या बाटल्या घेऊन पुन्हा लोटता येईल.