मेमरी किती वेगाची घ्यावी?



घोडबंदर गावातील एका धम्मबांधवाने विचारले आहे. मुलगी डिप्लोमाला आहे. घरचा संगणक जुना, त्यावर विंडोज ११ चढत नाही, आणि विंडोज १० चा आधार कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी काढून घेतला. म्हणून बोनसच्या पैशांतून मदरबोर्ड व प्रोसेसर बदलायचा, बाकी डबा-पडदा तोच ठेवायचा असे घरात ठरले आहे. बोर्ड एच६१०, प्रोसेसर आय३-१२१००. दुकानदार म्हणतो, "३२०० ची मेमरी काय घेता, थोडे आणखी टाका, ३६०० ची देतो." काय करावे?

३६०० ची घेऊ नये.

कारण सांगतो. केसपुत्त गावच्या कालामांना तथागतांनी, कोणी सांगितले म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या असा उपदेश केला होता. दुकानदाराचे सांगणेही त्याच कसोटीला लावावे, आणि माझेही. ३२०० म्हणजे ती पट्टी सेकंदाला ३२०० दशलक्ष वेळा माहिती देते-घेते. दर वेळी आठ बाइट, म्हणजे सेकंदाला २५,६०० एमबी. पट्टीवर 'पीसी४-२५६००' असे छापलेले दिसले तर तो वेगळा, भारी माल नव्हे, हीच ३२०० ची पट्टी. आय३-१२१०० या प्रोसेसरची डीडीआर४ साठीची अधिकृत मर्यादा ३२०० आहे, आणि एच६१० बोर्डावर मेमरी त्यापुढे पळवता येत नाही. तेथे ३६०० ची पट्टी लावली तरी ती ३२०० वर, कित्येकदा त्याहूनही खाली चालते. वरचे पैसे गेले ते गेलेच. जुना आय३-१०१०० घेणाऱ्याची मर्यादा तर २६६६ एवढीच.

बोर्डाची आणखी एक गोष्ट तपासा. एच६१० बोर्ड डीडीआर४ चाही मिळतो आणि डीडीआर५ चाही. दोन्ही पट्ट्यांना २८८ पिना असतात, पण खाच निराळ्या जागी असते. एकीची पट्टी दुसरीच्या खाचेत दाबून बसवायला जाऊ नका, बोर्ड मोडेल. जुन्या संगणकातली डीडीआर३ ची २४० पिनांची पट्टीही येथे बसत नाही.

वाचलेले पैसे कुठे घालावेत? आकारात. मुलीला ड्रॉइंगचे सॉफ्टवेअर चालवायचे असेल तर १६ जीबी हवी, आणि ती एका पट्टीत न घेता ८-८ च्या दोन पट्ट्यांत घ्यावी. दोन पट्ट्यांचे दोन रस्ते होतात. वेगळे ग्राफिक्स कार्ड नसलेल्या संगणकात पडद्याचे कामही याच मेमरीतून चालते, म्हणून तेथे हा फरक डोळ्यांना दिसतो. २०२५ च्या अखेरीस मेमरीचे भाव जगभर चढले, कारखान्यांचा माल ए.आय.च्या प्रचंड संगणक-केंद्रांकडे वळू लागला. दोन पट्ट्या झेपत नसतील तर ३२०० ची ८ जीबीची एक घ्या, दुसरी खाच रिकामी ठेवा, पुढे तशीच दुसरी आणा. वेगवेगळ्या वेगाच्या दोन पट्ट्या लावल्या तर दोन्ही कमी वेगाने चालतात. आणि घरात अजून जुनी फिरती हार्डडिस्क असेल, तर आधी एसएसडी घ्या. विंडोज उघडायला लागणारा वेळ तिने जेवढा कमी होईल तेवढा कुठल्याही मेमरीने होणार नाही.

खरेदीला लॅमिंग्टन रोड बरा. मीरा रोड किंवा भाईंदरहून ग्रँट रोडला धीम्या गाडीने जावे, बहुतेक फास्ट गाड्या तेथे थांबत नाहीत. दोन-चार दुकानांत भाव विचारा. पक्के बिल घ्या, पट्टीचा नंबर बिलावर लिहून घ्या, वॉरंटीला तोच लागतो. मुलीला बरोबर न्यावे, संगणक तीच वापरणार आहे.

घरी आल्यावर टास्क मॅनेजर उघडून मेमरीचा वेग पाहा. तेथे ३२०० दिसले पाहिजे. 'सीपीयू-झेड' नावाच्या प्रोग्रॅममध्ये मात्र साधारण १६०० दिसेल. तेव्हा दुकानदाराशी भांडायला परत जाऊ नका. तो प्रोग्रॅम घड्याळाचे ठोके मोजतो, आणि डीडीआर मेमरी एका ठोक्याला दोनदा काम करते.