पानाला भोक पडू दे की!

सध्या प्रत्येक सोसायटीत दोन-चार तरी 'प्लान्ट पेरेंट' सापडतात. छानच आहे. पण कढीपत्त्याची चार पानं कुरतडलेली दिसली, की लगेच ग्रुपवर फोटो पडतो, 'काय मारू?' आणि पाच मिनिटांत कुणीतरी औषधाचं नाव टाकतं. हा 'औषध' शब्दच मला खटकतो. विष म्हटलं असतं तर निदान हात तरी थांबला असता.

कढीपत्त्यावर पक्ष्याच्या शिटेसारखं काही चिकटलेलं दिसतं ना, ती बहुतेकदा फुलपाखराची अळी असते. कॉमन मॉर्मन, लाइम बटरफ्लाय ही मंडळी लिंबाच्या कुळातल्या झाडांवर अंडी घालतात आणि कढीपत्ता त्याच कुळातला. अळी मोठी होते, हिरवीगार होते, पानं फस्त करते आणि कोषात जाते. झाडाला परत पालवी फुटते. २०१५ मध्ये आपण ज्याला राज्य फुलपाखरू केलं, त्या ब्लू मॉर्मनच्या अळ्याही याच कुळावर वाढतात. फुलपाखरू स्टेटसला हवं आणि अळी कुंडीत नको, हे कसं जमायचं?

सगळंच सोडून द्या, असं नाही. जास्वंदीच्या शेंड्यांवर कापसासारखे पांढरे पुंजके दिसले तर तो पिठ्या ढेकूण. तो रस शोषतो, कोवळे शेंडे वेडेवाकडे होतात. पण त्यालाही आधी पाण्याचा जोरदार फवारा, जुना टूथब्रश आणि कात्री. खोडावर मुंग्यांची रांग आहे का तेही बघा, कारण या किडीतून पाझरणाऱ्या गोड चिकट्यासाठी मुंग्या तिची चक्क राखण करतात. आणि माव्याच्या गर्दीत काळी, नारिंगी ठिपक्यांची, चिमुकल्या मगरीसारखी अळी दिसली तर चिरडू नका. ती लेडीबर्डची, मावा खायलाच आलेली असते.

गुलाबाच्या पानांवरचे काळे डाग तर बुरशीचे. त्यावर कीटकनाशक मारून उपयोग शून्य, तरी लोक मारतातच. पाणी सकाळी, मुळाशी घाला, डागाळलेली पानं उचलून टाका. पानं ओली राहिली की बुरशीचं फावतं, एवढं साधं आहे.

इमिडाक्लोप्रिडसारखं कीटकनाशक झाडात भिनतं, मग मकरंदात आणि परागकणांतही उतरतं. मधमाश्यांना धोका म्हणून युरोपीय महासंघाने २०१८ मध्ये त्याचा उघड्यावरचा वापर बंद केला. आपल्याकडे मात्र ते कुंडीवाल्यांसाठी छोट्या बाटलीत मिळतं. 'माझ्या एका बाल्कनीने काय होणार' हे मला पटत नाही. मधमाशी बाल्कन्या मोजत नाही, ती फुलं बघून येते. फुलं आपणच लावली, तिला बोलावलंही आपणच.

बोलावून उपाशी पाठवण्याचा प्रकारही आहेच. डबल जास्वंदीत पुंकेसरांच्या जागी पाकळ्या आलेल्या असतात. फोटोला झकास, पण परागकण जेमतेम. त्यापेक्षा तुळशीच्या सगळ्या मंजिऱ्या खुडू नका, दोन-चार राहू द्या, सकाळी सातेरी माश्या येतील. नर्सरीत साधी पाच पाकळ्यांची जास्वंद मागितली तर 'ती गावठी आहे हो' म्हणत भैया डबलचं रोप पुढे करेल. गावठीच घ्या. स्वस्तही पडते.