चिप वाचली म्हणजे वाचली असं नव्हे!

जुन्या कॉम्प्युटरच्या चिपा वाचून त्यांच्या फाइली जमवणाऱ्यांचा मला मनापासून आदर आहे. पण त्यातल्या एका जातीचा भयंकर राग येतो: फाइलला ‘अननोन१.बिन’ असं नाव देऊन मोकळं होणारे. बोर्डावरून ईप्रॉम उपटायची, रीडरमध्ये घालायची, आठ केबीची फाइल सेव्ह करायची आणि बोर्ड भंगारात. वर म्हणायचं, "आपण इतिहास जपला!" कसला डोंबलाचा इतिहास?

यावर ठरलेलं उत्तर म्हणजे, "हॅश काढ ना, सापडेल." मान्य, ‘मेम’ या एम्युलेटरवाल्यांनी हजारो चिपांचे सीआरसी आणि शा-१ नोंदवून ठेवलेत. थोर काम आहे ते. पण मंडळी, हॅश फक्त ओळखीच्यालाच ओळखतो! एक बिट बदलला की अख्खा हॅश बदलतो. आणि ईप्रॉममधला डेटा म्हणजे शेवटी साठवलेला विद्युतभार. तो वर्षानुवर्षं हळूहळू गळतो, खिडकीवरचं स्टिकर निघालं असेल तर उन्हानेही पुसला जातो. मग हॅश जुळला नाही, तर कुणी न पाहिलेली आवृत्ती हाती लागली, की चिप खराब झाली? एकटी फाइल हे सांगू शकत नाही.

"मग डिसअसेंबल करू." करा की! खुणा असतात, नाही कोण म्हणतंय? पीसीच्या एक्स्पान्शन कार्डावरचा रॉम ५५ एए या बाइटांनी सुरू होतो. १९८१ च्या आयबीएम पीसीच्या पहिल्या बायॉसच्या शेवटी तर चक्क ०४/२४/८१ अशी तारीखच आहे. पण सगळे इतके प्रेमळ नसतात. बऱ्याच सोळा बिटी मशीनांमध्ये सम बाइट एका चिपेत, विषम दुसऱ्या. त्यातली एकच हाती आली तर इंग्रजी ‘कॉपीराइट’ शब्दातली सी, पी, आर, जी, टी एवढीच अक्षरं दिसतात. कॅरेक्टर रॉममध्ये तर ना कोड, ना मजकूर. नुसते अक्षरांचे ठिपके!

आता त्याच आयबीएम पीसीचा बोर्ड बघा. यू२९ ते यू३३ अशा पाच सॉकेटांत पाच चिपा, सगळ्या आठ केबीच्या. पहिल्या चारांत बेसिक, पाचवीत बायॉस. फाइलच्या नावात नुसतं ‘यू३३’ लिहिलं असतं तरी पुढचं सगळं डिटेक्टिव्हगिरीचं काम वाचलं असतं.

म्हणून सांगतो, चिप किमान दोनदा वाचा, दोन्ही फाइली ताडून बघा. काढण्याआधी बोर्डाचा फोटो घ्या. सॉकेटचा नंबर, स्टिकरवरचा मजकूर आणि चिपेचा प्रकार टिपून ठेवा. पाच मिनिटं लागतात हो! कमेंट न लिहिता कोड चेक-इन करणाऱ्याला ऑफिसात आपण शिव्या घालतो ना? तो निदान दुसऱ्या दिवशी जागेवर सापडतो, विचारता येतं. भंगारात गेलेल्या बोर्डाला काय विचारणार?