ऐकण्याच्या खोलीत कोण बसणार?

हाती थोडा पैसा आला की पूर्वी लोक हजला जायचे, मुलीचे लग्न उरकायचे, घरावर मजला चढवायचे. आता आमच्या नात्यागोत्यातल्या दोन-तीन घरांत एक नवी गोष्ट दिसू लागली आहे : फक्त गाणे ऐकण्यासाठी वेगळी खोली. चांगला ॲम्प्लिफायर, कमरेएवढे उंच स्पीकर, भिंतीवर आवाज शोषणारे पॅनल आणि खोलीच्या मधोमध एक खुर्ची. एकच. बहुधा काळ्या चामड्याची, मागे रेलणारी, पाय वर उचलणारी.

हौसेला माझा विरोध नाही. संगीत मलाही प्रिय आहे. पण त्या एका खुर्चीला माझा विरोध आहे, आणि तो दोन कारणांसाठी आहे. एक आवाजाचे, दुसरे घराचे.

आधी आवाजाचे पाहू. स्टिरिओचा नियम असा की, दोन स्पीकर आणि ऐकणारा यांचा समभुज त्रिकोण व्हावा. स्पीकरमध्ये सात फूट अंतर असेल तर ऐकणाऱ्यानेही प्रत्येकापासून सात फुटांवर बसावे. तिथे बसले की गायक बरोबर मधोमध उभा असल्याचा भास होतो. म्हणून ती एक खुर्ची. पण तीच खुर्ची भारी आणि गुबगुबीत घेतली की मेहनतीवर पाणी पडते. खुर्चीची पाठ डोक्याच्या वर गेली की स्पीकरचा आवाज तिच्यावर आपटून लगेच कानात शिरतो आणि मूळ आवाजात मिसळून तो गढूळ करतो. चामडे किंवा रेक्झिन असेल तर आणखीच. कापड आवाज पितो, चामडे परतवते. शिवाय मागे रेलले की कान खाली आणि मागे जातात, म्हणजे मोजूनमापून साधलेला त्रिकोण मोडतो. पाठ खांद्यापर्यंतच असलेली, कापडी, साधी खुर्ची या कामाला जास्त चांगली. ती स्वस्तही पडते.

आणि आपण ऐकतो काय, हेही पाहावे. आमच्या घरांत ज्यांच्यावर जीव ओवाळून टाकतात त्या उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांचे निधन १९३७ साली झाले. त्यांच्या तबकड्या ७८ आरपीएमच्या, एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटे, आणि सगळ्या मोनो. स्टिरिओच्या एलपी बाजारात आल्या १९५७-५८च्या सुमारास. म्हणजे त्याआधीच्या जवळपास कुठल्याही ध्वनिमुद्रणात डावे-उजवे नाहीच. ते मधल्या खुर्चीत बसून ऐका की कोपऱ्यात बसून, हरवण्यासारखे त्यात काही नाही. जी जागा राखायला घरच्यांना बाहेर ठेवले, ती जागा त्या गाण्याला नकोच होती.

आता दुसरे कारण. मराठीत 'बैठक' या शब्दाला दोन अर्थ आहेत. बसायची जागा ही बैठक आणि गाण्याची मैफल हीही बैठक. गाणे आणि सोबत बसणे या दोन गोष्टी भाषेनेच एकत्र बांधल्या आहेत. गालिचा, तक्क्या, दिवाणखाना हे शब्द फारसीच्या वाटेने आले आणि मराठी घरांत असे रुळले की आज त्यांना कुणी परके म्हणत नाही. मिरजेला मीरासाहेबांच्या दर्ग्यात खाँसाहेबांची कबर आहे. तिथे उरुसात दरवर्षी गाण्याची सभा होते आणि ऐकायला येणाऱ्याला कुणी जात-धर्म विचारत नाही. ही आपली ऐकण्याची रीत आहे.

काही वाचक म्हणतील, संगीताचा एवढा कैवार मुसलमानाने घ्यावा का? उलेमांमध्ये यावर शतकानुशतके मतभेद आहेत आणि ते मी इथे सोडवणार नाही. पण इमाम गझालींनी 'इह्या उलूमुद्दीन'मध्ये समाचे अदब सांगताना जुनैद बगदादींच्या हवाल्याने तीन गोष्टींवर भर दिला आहे : वेळ, जागा आणि सोबत. सोबत ही ऐकण्याची अट म्हणून येते, हे मला महत्त्वाचे वाटते.

मग सोबत कुणाची? इथे आपल्या जुन्या बैठकीचीही झाडाझडती घेतली पाहिजे. दिवाणखान्यात पुरुष तक्क्यांना टेकून दाद द्यायचे, आणि घरातल्या बाया चिकाच्या पडद्याआडून, नाहीतर स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरून, चहाची कपबशी हातात घेऊन ऐकायच्या. गाणे त्यांनाही कळायचे, पण बसायची जागा त्यांना नव्हती. आज पडदा गेला आणि त्याच्या जागी एक रिक्लायनर आला, एवढाच बदल झाला असेल तर आपण काय मिळवले? एका खुर्चीची खोली म्हणजे घरातल्या बाकी सगळ्यांना न बोलता सांगणे की, हे तुमच्यासाठी नाही. मग बायको टीव्हीसमोर, मुलगा इअरफोन लावून, आई आतल्या खोलीत. प्रत्येकजण आपापले ऐकतो आणि कुणी कुणाला 'ही जागा पुन्हा लाव' म्हणत नाही. पुढच्या पिढीपर्यंत गाणे पोहोचते ते या एका वाक्यातून.

यावर माझा साधा उपाय आहे. जमिनीवर कापसाची गादी घाला, वर सुती चादर, भिंतीशी नाही तर मोकळ्यावर दोन लोड. गादी पिंजाऱ्याकडून भरून घ्या. कापूस दबला की पुन्हा पिंजता येतो, आणि आपल्या भावबंदांच्या हाताला कामही मिळते. मागची भिंत किमान तीन-चार फूट लांब राहू द्या, कारण भिंतीला चिकटून बसले की खर्जाचा आवाज फुगतो. बरोबर खोलीच्या मध्यावरही बसू नका, तिथे काही खर्ज हरवतात. पंधरा फूट लांब खोली असेल तर मागच्या भिंतीपासून साडेपाच-सहा फूट ही सुरुवातीला धरायला चांगली जागा आहे. तिथून थोडे पुढेमागे सरकून कानाने ठरवावे.

पण गुडघ्यांचे काय? हा प्रश्न खरा आहे. मशिदीत सफीच्या कडेला खुर्च्यांची ओळ वाढत चालली आहे, ती आपण पाहतोच. साठी ओलांडलेल्या माणसाला गादीवर बसवले तर त्याचे अर्धे लक्ष उठायचे कसे यातच असते. म्हणून गादीच्या मागे दोन-तीन हातांच्या, ताठ पाठीच्या, साध्या लाकडी खुर्च्या ठेवाव्यात. हिशोबही जुळतो. गादीवर बसलेल्याचा कान जमिनीपासून साधारण अडीच फुटांवर असतो, खुर्चीवरच्याचा साडेतीन फुटांवर. स्पीकरमधला वरचा लहान भाग, ज्यातून टिपेचे सूर येतात, तो तीन फुटांवर ठेवला तर दोघांनाही अर्ध्या फुटाचाच फरक पडतो. सात-आठ फुटांवरून एवढा फरक बहुतेक स्पीकर सहज सांभाळून नेतात. मधल्या जागेइतके नेमके चित्र कडेच्या माणसाला मिळणार नाही, हे मान्य. पण ती मधली जागा एकाच्या नावावर कशाला? आज आईची, उद्या मुलीची, पाहुणा आला तर त्याची. दस्तरखानावर चांगला तुकडा आपण दुसऱ्याच्या ताटात सरकवतो, तशीच ही जागाही सरकवता येते.

तेव्हा दुकानात जाण्याआधी टेप घेऊन खोली मोजा, आणि त्याच्याही आधी घरातली माणसे मोजा. कुणाला काय ऐकायचे आहे, कुणाला खाली बसता येते, कुणाला नाही, हे विचारा. आईला एकदा बसवून पाहा आणि ती हाताला धरल्याशिवाय उठू शकते का ते बघा. गादीचे आणि खुर्च्यांचे माप त्यावरून ठरवा. स्पीकर कुठले घ्यायचे ते मग बघता येईल.