पथ्याचा खर्च कोणाच्या माथी?

साठी उलटलेल्या मधुमेही माणसाला दवाखान्यात जो उपदेश मिळतो, तो शास्त्राला धरूनच असतो. भात कमी करा, डाळ-भाजी वाढवा, मीठ आवरा, तंबाखू सोडा, रोज अर्धा तास चाला. वाढलेली रक्तशर्करा हृदयाच्या रक्तवाहिन्यांनाही जाचत असल्यामुळे या सवयी दोन्ही विकारांना आळा घालतात, याविषयी वाद नाही. परंतु हे पथ्य पाळण्याची ज्याची ऐपतच नाही, त्याला बेफिकीर ठरवून आपण मोकळे होतो, हे कितपत न्याय्य आहे?

हा विकार केवळ सुखवस्तूंचा राहिलेला नाही. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीने भारतातील मधुमेहींची संख्या 10 कोटींवर असल्याचा अंदाज दिला आहे. आता शिधावाटपाकडे पाहा. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यात गहू-तांदळाबरोबर भरड धान्याचाही उल्लेख आहे. दुकानात मात्र बहुतांशी गहू-तांदूळच पदरात पडतो. 2023 पासून हे धान्य मोफत झाले, ही चांगलीच गोष्ट. पण धान्य फुकट आणि डाळ बाजारभावाने, अशी रचना असेल तर गरीब वृद्धाचे ताट भाता-पोळीनेच भरणार. (ज्वारीची भाकरी खाल्ली की साखर आपोआप उतरते, हा मात्र भाबडेपणा, प्रमाण सुटले की तीही साखर चढविते.) खाजगी कारखान्यातून निवृत्त झालेल्या कामगारासाठी 1995 च्या निवृत्तिवेतन योजनेत 2014 साली किमान रक्कम ठरली ती दरमहा 1000 रुपये. तीत डाळ, भाजी आणि फळे बसविणे आयुष्यभर अर्थशास्त्र शिकविलेल्या माणसालाही साधावयाचे नाही.

याहून घातक गोष्ट निराळीच आहे. ग्लिबेनक्लामाइड, ग्लिमेपिराइड यांसारख्या स्वस्त गोळ्या जेवणाची वाट पाहत नाहीत. रात्री घरात अन्न कमी पडले वा एकादशी घडली, तरी त्या साखर उतरवीतच राहतात. मग घाम, कंप, भ्रम आणि पडून मोडलेले खुब्याचे हाड. हृदयाच्या काही गोळ्यांमुळे छातीतील धडधड ही धोक्याची सूचनाही दबून जाते. म्हणूनच अशक्त वृद्धांची तीन महिन्यांची सरासरी साखर 7 टक्क्यांखाली ओढण्याचा अट्टाहास नको, 8 पर्यंत चालेल, असे तज्ज्ञ सांगतात. परंतु त्यासाठी मुळात ही तपासणी प्रत्येक सरकारी केंद्रात नियमित व विनामूल्य व्हावयास हवी, आणि गोळी लिहून देणाऱ्याने ‘काल रात्री काय जेवलात?’ एवढे तरी विचारावयास हवे.

शिधापत्रिकेवर डाळ द्या, ही मागणी महागाईविरोधी मोर्चांत आपण अनेकदा केली आहे. आरोग्य खात्याच्या अंदाजपत्रकावर चर्चा होईल तेव्हा तीच मागणी, निवृत्तिवेतनाच्या किमान रकमेसह, आपल्या प्रतिनिधींनी तेथेही मांडावी.