फोटोतल्या माणसाचा रकाना

कॅमेऱ्यातून निघालेल्या फाइलमध्ये फोटोशिवायही बरंच काही असतं. शटरचा वेग, अ‍ॅपर्चर, आयएसओ, लेन्स, तारीख, अगदी सेकंदापर्यंत वेळ. फोनवर काढला असेल तर बहुतेक वेळा अक्षांश-रेखांशही. बऱ्याच कॅमेऱ्यांच्या मेनूत आपलं नाव एकदा टाकून ठेवलं की पुढच्या प्रत्येक फोटोत ते आपोआप जातं: फोटोग्राफर अमुक, हक्क तमुकचे. मी कॅमेरा घेतला त्या दिवशी खोक्यातलं थर्माकोल आवरायच्या आधी हेच काम केलं होतं.

वृत्तसंस्था आणि फोटोसंग्रह ज्या आयपीटीसी मानकाप्रमाणे फोटोंची माहिती नोंदवतात, त्यात आणखी एक रकाना आहे. 'पर्सन शोन इन द इमेज', म्हणजे फोटोत दिसणारी व्यक्ती. मी पोटासाठी सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे रिकाम्या रकान्यांशी रोजचीच गाठ. एका रविवारी छोटी स्क्रिप्ट लिहून हार्डडिस्कवरच्या माझ्या सगळ्या फोटोंमधला हा रकाना तपासला. एकाही फोटोत तो भरलेला नव्हता. माझं नाव मात्र सगळीकडे होतं.

हा लेख त्या रिकाम्या रकान्याबद्दल आहे. आणि तो माझ्यासारख्यांच्या विरोधात आहे, हे आधीच सांगून टाकतो.

सध्या आपल्याकडे नव्या फोटोग्राफरांची मोठी लाट आहे. चांगलीच गोष्ट आहे. कॅमेरे हप्त्यांवर मिळतात, फोन त्याहून बरे झालेत, शिकायला यूट्यूब आहे. सुटे फोटो टाकून झाले की पुढची पायरी असते 'पर्सनल सिरीज'. दहा-पंधरा फोटो, एक शीर्षक, आणि सोबत सिरीजमागची गोष्ट. ही गोष्ट मी इतक्या वेळा वाचली आहे (आणि एकदा लिहिलीही आहे) की तिचा साचा पाठ झालाय. नोकरीत जीव रमत नव्हता. एक दिवस कॅमेरा उचलला. या मेळ्यात, या वस्तीत, या घाटावर पोचलो. सुरुवातीला परका होतो, मग मिसळून गेलो. इथल्या माणसांनी मला जगणं शिकवलं. या प्रवासात मी स्वतःला सापडलो.

तू सापडलास, छान झालं. ती माणसं कुठे आहेत?

ती फोटोत आहेत. सुरकुत्या, घाम, गुलाल, धूर यांच्यासकट. पण गोष्टीत नाहीत. गोष्टीत 'एक वृद्ध', 'एक माउली', 'एक निरागस हसू' आहे. ज्याच्या चेहऱ्यावर सगळी सिरीज उभी, तो स्वतःच्याच गोष्टीत सामान्यनाम होऊन बसलाय. माझा आक्षेप फोटोंना नाही, या गोष्टींना आहे. सिरीजमागची गोष्ट म्हणून आपण जी खपवतो, ती बहुतेक वेळा फोटोग्राफरचं आत्मचरित्र असते आणि बाकीची माणसं तिचं नेपथ्य.

आता माझी गोष्ट. पुण्यात राहणाऱ्या आणि कॅमेरा बाळगणाऱ्या प्रत्येकाचा एक वारीचा अल्बम असतो, तसा माझाही आहे. ज्ञानेश्वर माउलींची पालखी पुण्याहून दिवेघाट चढून सासवडला जाते. घाटात त्या दिवशी वारकऱ्यांसारखेच फोटोग्राफरही थव्याथव्यानं असतात. सगळ्यांना तेच हवं असतं: वळणावरून वर चढणारी रांग, डोक्यावर तुळस, ब्लॅक अँड व्हाइटमध्ये खोल दिसणाऱ्या सुरकुत्या. मलाही तेच हवं होतं. ते सासवडला मिळालं. पाण्याच्या टँकरशेजारी एक आजी अंघोळ उरकून ओले केस मोकळे सोडून उन्हात बसली होती. मी लांबून पाच-सहा फोटो काढले. तिनं पाहिलं. रागावली नाही. म्हणाली, "मला मिळंल का रं ह्यो फोटू? घरी माझा एकबी नाही. आधारवर हाय तेवढाच, त्यात भुतावाणी दिसते. उद्या मेले तर भिंतीला काय लावतील?"

मी हसलो. "पाठवतो आजी" म्हणालो. पत्ता विचारला नाही.

तो फोटो माझ्या सिरीजचा पहिला फोटो झाला. नाव दिलं 'फेथ'. एका ऑनलाइन स्पर्धेसाठी रात्री दोन वाजता इंग्रजीत निवेदन लिहिलं. त्यात मौन होतं, श्रद्धा होती, गर्दीतला एकांत होता. तिसरा क्रमांक आला, बक्षीस म्हणून कॅमेऱ्याची बॅग मिळाली. घरी आईला फोटो दाखवला. तिनं बराच वेळ बघितला आणि एकच प्रश्न विचारला, "ह्यांचं नाव काय?"

माझ्याकडे शटरचा वेग होता.

माझी चूक लहान होती, कारण मी लहान फोटोग्राफर आहे. हीच चूक मोठ्या प्रमाणावर कशी दिसते, त्याची दोन उदाहरणं. जुलै २०१८ मध्ये वर्ल्ड प्रेस फोटोच्या इन्स्टाग्राम खात्यावर अलेस्सिओ मामो या इटालियन फोटोग्राफरची 'ड्रीमिंग फूड' नावाची सिरीज आली. उत्तर प्रदेश आणि मध्य प्रदेशातल्या खेड्यांतली गरीब माणसं एका टेबलामागे उभी. टेबलावर सजवलेलं खोटं अन्न. माणसांनी डोळे हातांनी झाकलेले. टेबलावर काय असावंसं वाटतं त्याचं स्वप्न बघा, असं त्यांना सांगितलं होतं. जगभरातून संताप उसळला आणि मामोंनी माफी मागितली. त्यांचा हेतू वाईट नव्हता असं मी धरून चालतो. पण त्या सिरीजमागची गोष्ट काय होती? भारतातल्या भुकेनं अस्वस्थ झालेला एक फोटोग्राफर. भुकेलेला माणूस त्या गोष्टीत बोलतच नव्हता. त्याला डोळे मिटायला सांगितलं होतं.

दुसरं उदाहरण जुनं आणि प्रचंड प्रसिद्ध. स्टीव्ह मॅककरी यांनी १९८४ मध्ये पेशावरजवळच्या नासिर बाग निर्वासित छावणीत एका हिरव्या डोळ्यांच्या मुलीचा फोटो काढला. जून १९८५ च्या नॅशनल जिऑग्राफिकच्या मुखपृष्ठावर तो आला आणि ती 'अफगाण मुलगी' झाली. तिचं नाव शरबत गुला आहे, हे जगाला कळलं २००२ मध्ये, तिला शोधून काढल्यावर. म्हणजे १७ वर्षं. जगातल्या सर्वांत ओळखीच्या चेहऱ्यांपैकी एक, आणि तोवर तिनं स्वतः तो फोटो पाहिलेलाही नव्हता.

यावर हमखास येणारं उत्तर असं: "मग फोटो काढायचेच नाहीत का? प्रत्येकाला आधी फॉर्म भरायला लावायचा? उत्स्फूर्तपणा मरून जाईल." उत्तर सोपं आहे. नाव आधी विचारायची गरजच नाही, नंतर विचारा. फोटो सेकंदाच्या दोनशे-अडीचशेव्या भागात निघतो, त्यानंतर आपल्याकडे दिवसभराचा वेळ असतो. लेन्स बदलायला वेळ असतो, चहाला असतो, तिथल्या तिथे स्टोरी टाकायला असतो. "नाव काय, गाव कुठलं" हे तर आपल्या एसटीत शेजारी बसलेला माणूस सुटे पैसे मिळायच्या आत विचारतो.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. काही वेळा नाव मिळतच नाही. भोपाळच्या वायुकांडानंतर, डिसेंबर १९८४ मध्ये, रघु राय आणि पाब्लो बार्थोलोम्यू यांनी टिपलेला मातीत पुरलं जाणारं मूल आठवा. ते मूल कोणाचं, हे कळलं नाही. तिथे रकाना रिकामा आहे, पण ते रिकामेपणच आरोपपत्र आहे: माणसं इतकी आणि अशी मेली की लेकराला ओळखणारं कोणी पुढे आलं नाही. काही वेळा नाव देणं धोक्याचंही असतं. अत्याचार सोसलेली बाई, कागदपत्रं नसलेला मजूर, घरापासून ओळख लपवणारा मुलगा. तिथे नाव झाकणं हेच फोटोग्राफरचं काम. पण विचार करून रिकामा ठेवलेला रकाना वेगळा आणि आठवणच झाली नाही म्हणून रिकामा राहिलेला वेगळा. आम्ही कोडमध्येही हा फरक करतो. 'माहीत नाही' आणि 'विचारलंच नाही' या दोन वेगळ्या नोंदी असतात. एकीला दुसरी समजलात की पुढचा सगळा हिशेब चुकतो.

मग बरी गोष्ट कशी असते? त्यासाठी फार लांब जावं लागत नाही. सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांवर केलेलं काम बघा. कचरा, गटार, घाण यांत राबणारी माणसं आणि त्यांच्या वस्त्या. हे एका वीकेंडचं काम नाही. ती सिरीज बघून ओलवे स्वतःला सापडले का, हा प्रश्नही मनात येत नाही. मनात येतं ते हे की, आपला कचरा रोज कोण उचलतं आणि त्याला हातमोजे का नाहीत.

तमिळनाडूचे एम. पळनी कुमार मासे विकणाऱ्या आईचा मुलगा. हातानं मैला साफ करण्याच्या प्रथेवरच्या 'कक्कूस' या माहितीपटाचं छायाचित्रण त्यांनी केलं, पुढे सफाई कामगारांचे फोटो काढत राहिले आणि आपल्या आईचेही काढले. २०२२ मध्ये दयानिता सिंग-पारी डॉक्युमेंटरी फोटोग्राफी पुरस्कार पहिल्यांदा दिला गेला, तो त्यांना. कष्टकऱ्यांच्या मुलांना ते फोटोग्राफीही शिकवतात. माझ्या मते त्यांच्या सिरीजमागची खरी गोष्ट हीच: कॅमेरा समोरच्याच्या हातात जाण्याची शक्यता. पी. साईनाथ यांनी सुरू केलेल्या 'पारी'वर, जिथे त्यांचं काम येतं, फोटोंखालच्या ओळी नुसत्या वाचत गेलात तरी शिकवणी होईल. डावीकडे कोण, उजवीकडे कोण, गाव कोणतं. मराठीतही वाचता येतं, फुकट.

आणि पालघर जिल्हा. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे वारली चित्रकार राजेश वांगड आणि दिल्लीच्या फोटोग्राफर गौरी गिल यांची 'फील्ड्स ऑफ साइट' ही सिरीज. गिल यांनी तिथल्या भूमीचे फोटो काढले आणि त्यांवर वांगड यांनी वारली रेषांत चित्रं काढली: कॅमेऱ्याला न दिसलेलं, पण तिथे राहणाऱ्याला ठाऊक असलेलं. कामावर दोघांची नावं आहेत. कॅमेऱ्याला सगळं दिसत नाही, हे ही सिरीज फोटोच्या अंगावरच लिहून देते. आपण तेच लपवायला तीन परिच्छेदांचं निवेदन लिहितो.

ही सगळी माणसं प्रतिभावान आहेत, आपण नाही, हे कारण चालणार नाही. नाव विचारायला प्रतिभा लागत नाही.

आईच्या प्रश्नानंतर मी तो फोटो पुन्हा मोठा करून पाहिला. आजीच्या मागे उभ्या ट्रकवर दिंडीचा क्रमांक स्पष्ट वाचता येत होता. वर्षभर तो तिथेच होता, माझं लक्ष सुरकुत्यांवर. पुढच्या वारीत आठ बाय बाराची प्रिंट घेऊन सासवडच्या मुक्कामात ती दिंडी शोधली. आजी आली नव्हती, गुडघ्यांनी साथ सोडली होती. तिच्या गावच्या एका बाईनं फोटो ओळखला, नाव सांगितलं, प्रिंट पिशवीत घातली आणि माझा नंबर घेतला. तीन आठवड्यांनी फोन आला. "फोटू मिळाला बाबा," आजी म्हणाली. मी खूश. मग म्हणाली, "पर केस मोकळे हायेत की रं. भिंतीला कसा लावायचा? सांगितलं असतंस तर पदर नीट घेतला असता."

माझ्या सिरीजमधला जो 'जिवंत क्षण' होता, तो तिच्या लेखी बिघडलेला फोटो होता. तिचं त्या फोटोबद्दल मत होतं, स्पष्ट आणि बिनतोड. परीक्षकांनी पाहिलं, मित्रांनी लाइक केलं, आणि जिचा चेहरा होता तिला सोडून सगळ्यांचं मत मी घेतलं होतं.

'फेथ' आता मी कुठे दाखवत नाही. स्पर्धेच्या पानावरून तो काढायची विनंती केली आहे. रकान्यात आजीचं नाव भरलंय, माझ्या मशीनवर. इथे ते लिहीत नाही, कारण ते छापू का असं तिला अजून विचारलेलं नाही.

तुमच्याही हार्डडिस्कवर, फोनवर अशा सिरीज असतील. पुढची जाहीर करण्याआधी मागची गोष्ट लिहायला बसाल, तेव्हा पहिलं वाक्य 'मी'पासून सुरू करू नका. फोटोतल्या माणसाच्या नावापासून करा. सुचत नसेल, तर सिरीज अजून झालेली नाही, एवढंच समजा आणि परत जा. मलाही जायचंय. पदर नीट घेतलेला एक फोटो काढायचा राहिलाय.